कंपनीचा दवाखाना आणि आपला हक्क

(भोंगवली, तालुका भोर, जिल्हा पुणे येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे एका वकिलाने केलेले भाषण)



वकिलास बोलाविले म्हणजे तो जमीन, वारसनोंद किंवा जातीचा दाखला यांविषयी बोलेल, अशी श्रोत्यांची समजूत असते. दाखल्याविषयी मी पुढे बोलणार आहे; पण आजचा माझा विषय औषधाची गाडी हा आहे. मोठमोठ्या कंपन्या आपल्या नफ्यातील काही भाग खेड्यांतील आरोग्याच्या कामास देतात. फिरते दवाखाने, डोळे तपासणीची शिबिरे, शुद्ध पाण्याची यंत्रे, बालकांचा पोषक आहार ही त्या पैशाची रूपे आपण पाहतो. हा पैसा कोठून येतो, कोणत्या कायद्याने येतो आणि कोणत्या कायद्याने थांबतो, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक नसल्याची किंमत माझ्या घराने दिली आहे, म्हणून आरंभ घरापासूनच करतो.

माझी एक मावशी नीरेकाठच्या एका खेड्यात राहत असे. त्या गावात दर पंधरा दिवसांनी मंगळवारी एका कंपनीच्या पैशाने चालणारी गाडी येई. डॉक्टर तरुण होता आणि आदराने बोलत असे. मावशीचा रक्तदाब प्रथम त्यानेच मोजला. त्याआधी साठ वर्षांत तो कोणीही मोजला नव्हता, हे मला मान्य केले पाहिजे. गोळ्या फुकट मिळत. दोन वर्षे हे नीट चालले. मग एका एप्रिल महिन्यात गाडी आली नाही. पुढच्या खेपेसही आली नाही. बायका पिशव्या घेऊन पारावर बसत आणि उन्हे चढली की घरी परतत. कोणी म्हणाले, गाडी बिघडली. कोणी म्हणाले, डॉक्टर रजेवर आहे. गाडी कायमची बंद झाली, हे कोणाही जबाबदार माणसाने येऊन सांगितले नाही. रक्तदाबाची गोळी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. पण आपला कागद गाडीत आहे, तेथे नवा कागद कोण काढणार, अशा विचाराने मावशी घरीच बसली. श्रावणात तिला अर्धांगवायूचा झटका आला. ज्या उजव्या हाताने तिने आम्हां भावंडांना भाकरी थापून घातल्या, तो हात त्यानंतर कधी उचलला गेला नाही.

मी तिचा भाचा, कायद्याचा पदवीधर. दर आठवड्यास फोनवर तिच्याशी बोलत होतो. गोळ्या चालू आहेत काय, एवढा प्रश्न विचारण्याचे मला सुचले नाही. तो दोष माझा आहे आणि तो मी दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही. परंतु झटका आल्यानंतर मी वकिलाच्या सवयीने कागद पाहू लागलो, तेव्हा मला एक गोष्ट आढळली व तिने माझी झोप उडविली. त्या कंपनीने कायद्याचे एकही कलम मोडलेले नव्हते.

ते कसे, हे समजण्यासाठी कायदा थोडा पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करावेत, असे त्या कलमाने ठरविले. कोणती कामे चालतील, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. तिच्या पहिल्याच बाबीत भूक, दारिद्र्य व कुपोषण यांचे निवारण, आरोग्यसेवा, स्वच्छता आणि पिण्याचे पाणी यांचा उल्लेख आहे. २०२२-२३ या एका वर्षात देशभरच्या कंपन्यांनी या कलमाखाली सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च केले. तेव्हा ही कोणा शेठजीच्या मनाची लहर राहिलेली नाही. २०२१ पासून तर न खर्चलेल्या रकमेचा जाब द्यावा लागतो. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात घालावी लागते. इतर उरलेली रक्कम सरकारने नेमलेल्या निधीत भरावी लागते. आणि कुचराई केल्यास कंपनीला व तिच्या जबाबदार अधिकाऱ्यांना दंड होतो.

आता मंगळवारच्या गाडीकडे या. नियमांत ‘चालू प्रकल्प’ या शब्दांची व्याख्या दिली आहे. ज्या वर्षी काम सुरू झाले ते वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे चालणारे काम म्हणजे चालू प्रकल्प. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणून अशा गाड्या एप्रिलमध्ये नाहीशा होतात! रक्तदाब, मधुमेह, फेफरे, क्षय यांपैकी कोणताही रोग ३१ मार्च पाहून बरा होत नाही. क्षयाचे औषध अर्ध्यावर सुटले तर रोग अधिक हट्टी होऊन उलटतो. रक्तदाबाची गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागते. रोग जन्माचा आणि प्रकल्प तीन वर्षांचा, या दोन मुदतींच्या मध्ये जी फट पडते, तिच्यात माझ्या मावशीचा हात गेला.

यावर काही तरुण मला म्हणतात, साहेब, मग भांडवलदारांचा हा पैसा नकोच. या मताशी मी सहमत नाही. भोर तालुक्यातील अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस तालुक्यात उपाय न झाल्यास पुण्यास कोठे नेतात? ससून रुग्णालयात. ते नाव डेव्हिड ससून या बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याचे आहे. त्याचे घराणे कापूस व अफूच्या व्यापारात गबर झाले होते. १८६७ साली उघडलेल्या त्या रुग्णालयास त्याने देणगी दिली. आज ते सरकारी आहे. तेथे दारात उभे राहून कोणी ससूनचे उपकार मानीत नाही आणि मानण्याचे कारणही नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने १९४१ मध्ये सुरू केले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. व्यापाऱ्याच्या पैशाने पाया घालावा आणि पुढे जबाबदारी राज्याने अंगावर घ्यावी, असे घडले तेथे संस्था टिकली. गाडीच्या बाबतीत जबाबदारी घेणारा दुसरा हात पुढे आलाच नाही.

या प्रश्नावर बाबासाहेबांचे एक भाषण वकिलाने वाचावे असे आहे. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाची सवलत देणाऱ्या बिलावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मुख्य भार सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण जो मालक स्त्रियांना कामावर ठेवून अधिक फायदा मिळवितो, त्याच्यावरही काही अंशी ही जबाबदारी टाकणे योग्यच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. त्यांनी मालकाकडून पैसा मागितला तो भाग म्हणून. आणि तो मागताना सरकारलाही मोकळे सोडले नाही. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना अदारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा निघाला. १ जुलै २०१९ पासून त्यात मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का ठरली. तुमच्यापैकी ज्यांची मुले नीरा ओलांडून शिरवळच्या कारखान्यांत जातात, त्यांनी घरी गेल्यावर मुलाच्या पगारपत्रकात ही कपात आहे काय, हे पाहावे. विम्याच्या दवाखान्यात आपला मुलगा हक्कदार म्हणून जातो. गाडीपुढे आपली आई लाभार्थी म्हणून उभी राहते. या दोन शब्दांतील अंतर लक्षात ठेवावे.

जाता जाता एक खुलासा करतो. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया ज्या ‘भोर समिती’ने घातला, ती आपल्या भोरच्या नावाची, असे मला याच तालुक्यात दोघा शिक्षकांनी अभिमानाने सांगितले आहे. तसे नाही. १९४३ साली नेमलेल्या त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर होते, म्हणून ते नाव. पण त्या समितीचे १९४६ चे म्हणणे मात्र प्रत्येक तालुक्याने आपले मानावे असे आहे. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणासही उपचार नाकारला जाऊ नये, हे तिचे सूत्र होते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आपल्याकडे रुजली ती तिच्याच शिफारशींतून. संविधानाच्या ४७ व्या कलमाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले. तत्त्वे म्हणून घातलेली ही कलमे कोर्टात चालत नाहीत, असे तुम्हांला कोणी सांगेल. त्यास १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल दाखवा. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका मजुरास एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठविले. वेळेवर उपचार नाकारणे हा २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि त्या मजुरास भरपाई देवविली. कंपनीच्या गाडीविरुद्ध हा निकाल घेऊन जाता येणार नाही. सरकारी केंद्राविरुद्ध जाता येईल. म्हणून मी म्हणतो की गाडी येवो अथवा न येवो, सरकारी केंद्रातील आपले नाव कधी पुसू देऊ नका.

दुसरी गोष्ट संमतीची. २००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस टोचण्याचा एक प्रकल्प झाला. लस बनविणाऱ्या परदेशी कंपन्यांनी लस फुकट दिली होती आणि प्रकल्प एका परदेशी संस्थेने चालविला. मुली बहुतांशी गरीब व आदिवासी घरच्या. काही मुलींचा मृत्यू झाल्यावर २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाले असे दिसले नाही आणि ती लस आज जगभर उपयुक्त मानली जाते. आपल्या मुलींना ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर द्यावी. मग चुकले काय? अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकाने सही केली होती. २०१३ मध्ये संसदीय समितीने या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. त्या मुलींच्या आईबापांना कोणी विचारलेच नाही. विचारावयाचे कशाला, गरिबाला फुकट मिळते आहे ना, ही त्यामागील वृत्ती. आपल्या पूर्वजांना ही वृत्ती चांगली परिचित होती. आपला आईबाप म्हणून दुसऱ्याने सही करावी, हे आपण घरात, वसतिगृहात किंवा शिबिरात कोठेही चालवून घेऊ नये. लस चांगली असली तरीही.

तिसरी गोष्ट म्हणजे देणारा काय विकतो, हे पाहावे. कायदा करणाऱ्यांनीही ते पाहिले आहे. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीविषयी १९९२ चा कायदा आहे. तो पावडर बनविणाऱ्यांना आरोग्यसेवकांस भेटी, पैसा, परिषदांचा खर्च देण्यास मनाई करतो. कारण उघड आहे. बाळंतिणीस सल्ला देणारा माणूसच डबेवाल्याचा मिंधा झाला तर अंगावरचे दूध सुटते. तंबाखूचेही तसेच. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले की, समाजकार्य करताना कंपन्यांनी तंबाखूविषयक कायद्याचा भंग करू नये. ज्या कामातून मालाची जाहिरात साधावयाची, तो खर्च समाजकार्यात धरताच येत नाही, असाही नियम आहे. शिबिरात बालकांना वाटलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर कोणाचे नाव आहे, ते वाचणाऱ्या बाईस कोणी संशयी म्हटले तर म्हणू द्यावे.

आता जे मी विशेषेकरून तुम्हांस सांगावयास आलो आहे, त्याकडे येतो. गाडी कोठे उभी राहते? मी पाहिलेल्या खेड्यांत ती गावठाणात, देवळासमोर किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाड्यापुढे उभी राहते. वस्तीतील म्हातारी तेथवर जाते, पण ओसरीवर चढत नाही. उन्हात उभी राहते आणि सर्वांच्या शेवटी तपासली जाते. कोणी तिला जा म्हणत नाही. तिचीच पावले थांबतात, कारण त्या पावलांना पिढ्यांची आठवण आहे. शुद्ध पाण्याच्या यंत्राचेही असेच. यंत्र कोणाच्या आवारात बसते आणि किल्ली कोणाकडे राहते, यावर पाणी कोणाचे ते ठरते. १९२७ साली महाडास गेलेल्या माणसांची आपण नातवंडे-पतवंडे. आपल्याला हे दुसऱ्याने समजावून सांगावे लागू नये.

येथे कायदा आपल्या बाजूस चांगला भक्कम उभा आहे. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, ज्यास १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, त्याचे ५ वे कलम पाहा. सर्वसाधारण जनतेसाठी किंवा तिच्या एखाद्या भागासाठी चालविलेल्या रुग्णालयात वा दवाखान्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे, किंवा प्रवेश दिल्यावर भेदभाव करणे, हा अपराध आहे. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद, शिवाय दंड. दवाखाना सरकारी असलाच पाहिजे, अशी अट त्या कलमात नाही. चाकांवर चालणारा दवाखानाही, माझ्या मते, त्यात येतो. चौथ्या कलमात पाणवठा व नळ आहेत आणि जनतेसाठी केलेल्या धर्मादाय निधीचा लाभ नाकारणेही आहे. ‘आम्ही आमच्या पैशाने देतो, कोणास द्यावे ते आम्ही ठरवू’ हे उत्तर या कलमांपुढे टिकत नाही.

आणि दाखल्याचा विषय तो येथे. १२ वे कलम म्हणते की, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरील. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर राहील. धर्मांतरानंतर कित्येक वर्षे केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान नव्हते. १९९० च्या दुरुस्तीने ते मिळाले. म्हणून दीक्षा घेतल्यावर ‘आता दाखला कशाला’ असे म्हणून जी घरे कागद काढीत नाहीत, ती स्वतःच्या हातातील एक हत्यार ठेवून देतात. धर्म बौद्ध लिहावा, मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि दाखलाही काढावा. या दोहोंत कायद्याने विरोध ठेवलेला नाही.

वस्तीत काय होऊ शकते, याचे उदाहरण दूरचे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे या पतिपत्नींनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी खेड्यांतील साध्या, पुष्कळशा निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले. त्यांत दलित बाया होत्या. पाण्याचे पंप बसविताना ते दलित वस्तीत बसवावेत, असा त्यांचा आग्रह असे, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावास तेथे यावे लागे! त्या कामालाही बाहेरचा पैसा लागला. पण पैसा ज्ञानात उतरला आणि ज्ञान गावातील बाईच्या डोक्यात राहिले. ते एप्रिल महिन्यात निघून गेले नाही.

आता भोंगवलीपुरते बोलतो. कायद्यात असे म्हटले आहे की, कंपनीने जेथे तिचा व्यवहार चालतो त्या स्थानिक भागास पसंती द्यावी. शिरवळ हे नीरेपलीकडे आणि सातारा जिल्ह्यात. आपण पुणे जिल्ह्यात. मग आपण स्थानिक की परके? कायद्याने ‘स्थानिक भाग’ म्हणजे किती मैल, हे सांगितलेले नाही. आणि पसंतीची ही सूचना सक्तीची नाही, असा खुलासा सरकारने २०२१ मध्ये केला आहे. म्हणजे दावा लावून काही मिळणार नाही. पण मागणी करण्यास कोणाची आडकाठी नाही. आपल्या गावचे हात त्या कारखान्यांत राबतात, एवढे नाते जिल्ह्याच्या रेषेपेक्षा जवळचे आहे. प्रत्येक मोठ्या कंपनीने या खर्चाचा तपशील आपल्या वार्षिक अहवालात द्यावा लागतो. प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावरही ठेवावी लागते. तुमच्या घरातील शिकलेल्या मुलीस तेथे कोणत्या गावात किती खर्च झाला, ते शोधावयास लावा. कंपनीला माहितीचा अधिकार लागू होत नाही. पण तिने जिल्हा परिषदेशी करार केला असेल, तर त्याची नक्कल जिल्हा परिषदेकडे मागता येते, आणि ती मागावी.

पुढे कोणतीही गाडी किंवा यंत्र गावात येईल तेव्हा ग्रामसभेत ठराव होऊ द्या, आणि त्या ग्रामसभेस आपल्या बायांनी गेलेच पाहिजे. काम किती वर्षांचे आहे, हे ठरावात लिहून घ्या. बंद करावयाचे झाल्यास तीन महिने आधी दवंडी पिटून सांगावे. प्रत्येक रोग्याच्या हातात त्याच्या औषधांची वही असावी आणि तीच नावे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत असावीत, म्हणजे गाडी गेल्यावर आशाताई दारात येईल. गाडी एका खेपेस गावठाणात उभी राहिली तर दुसऱ्या खेपेस वस्तीत उभी राहावी. यातील एकही मागणी अशी नाही की जी ऐकून प्रामाणिक देणारा निघून जाईल.

मावशी आता नाही. तिच्या पिशवीत त्या गाडीतील गोळ्यांचे रिकामे पाकीट सापडले. तिने ते जपून ठेवले होते, कारण गाडी परत आल्यावर डॉक्टरास तीच गोळी दाखवावयाची होती.

ग्रामसभेपुढे ठेवावयाच्या अर्जाचा मसुदा मी तयार करून आणला आहे. तो आता वाचून दाखवितो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शेजारच्या मुलाजवळ बसावे, आणि ज्या ओळीचा अर्थ कळणार नाही तेथे मला थांबवावे. सही किंवा अंगठा त्यानंतर.